पप्पांनी निवडलेली कार्बाइन

ह्यूस्टनजवळ, टेक्सस
११ जानेवारी २०२४

ती. पप्पांस, ॲडेलिनचा सप्रेम जय येशू. वि. वि.

ऑफिसच्या पी. ओ. बॉक्समध्ये सुनेचं पत्र बघून दचकला असाल. माझा फोन, ईमेल, सगळं ट्रॉयने लावून दिलेलं. मी कोणाला काय लिहिते ते त्याला कळतं. म्हणून हे हॉस्पिटलमधून पोस्ट करतेय. ममींना दाखवू नका.

ट्रॉय नोव्हेंबरपासून घरी राहत नाही. तुम्हाला त्याने जॉबचं काहीतरी सांगितलं असेल. खरं असं की त्याने माझा हात मोडला आणि कोर्टाने त्याला घराजवळ यायला बंदी घातली. तरी तो दोनदा आला. एकदा रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहिला. दुसऱ्यांदा मागचं दार फोडलं. आमचं घर शहराबाहेर, पोलीस यायला बावीस मिनिटं लागली. तेव्हापासून लॅरिसा बूट घालून झोपते. तिला घेऊन तुमच्याकडे केव्हाच आले असते, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला देशाबाहेर नेता येत नाही.

माझ्या वॉर्डातली नर्स नबिला मला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेली. पिस्तुलाने माझा नेम लागेना. शॉटगनने खांदा काळानिळा झाला. कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, तेवढी मला झेपली. परवडतील अशा तीन आहेत. एक दुमडून बॅगेत मावते. दुसरी दिसायला लष्करी, तिच्यावर हवं ते बसवता येतं. तिसरी जड, बेढब आणि सगळ्यांत स्वस्त. साडेतीनशे डॉलर, म्हणजे तुमचे तेराशे दिरहमसुद्धा नाहीत. दुकानदार दुमडणारी घ्या म्हणतो.

तुम्ही वीस वर्षं फौजेत शस्त्रं दुरुस्त केलीत. आताही फुजैराच्या समुद्रात त्या बोटीवर चाच्यांपासून जहाजं राखणाऱ्या गार्डांच्या रायफली सांभाळता. मी आणखी कोणाला विचारू? कोणाच्या विरुद्ध विचारतेय हे मला ठाऊक आहे, पप्पा. उत्तर आलं नाही तर समजून घेईन.

तुमच्या मायेची आस धरून असलेली,
ॲडेलिन


फुजैरा
४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. ॲडेलिन हिस अ. उ. आ. वि. वि.

पंधरा दिवस बोटीवर होतो. पत्र परवा हाती आलं. पहिलं उत्तर रागात लिहिलं आणि फाडलं. मग ट्रॉयला फोन केला. किती गोड बोलला! म्हणाला, नाइट ड्यूट्या करून करून ॲडेलिनच्या डोक्यावर परिणाम झालाय, वाऱ्याने दार आपटलं तरी पोलीस बोलावते. मला पटत आलं होतं. सहज म्हटलं, लॅरिसाला फोन दे. तर म्हणाला, आत्ताच माझ्याबरोबर नाश्ता करून आंघोळीला गेली. जॉबसाठी बाहेरगावी राहतो असं मला नोव्हेंबरपासून सांगणारा तो हाच. खलास. मला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

आता नीट वाच. दुमडणारी नको. हात थरथरत असताना ती उघडायची कोणी? लष्करी दिसणारीही नको. तिच्यावर काही ना काही बसवत बसशील, आणि तुझी ही हौस नाही. ती बेढब घे. जड आहे म्हणून धक्का कमी देईल. पण आधी दुकानात तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, दहा वेळा ओढून बघ. मोडलेल्या हाताला जमलं नाही, तर तीही नको. उरलेल्या पैशात आकड्यांची कुलूपपेटी आणि सरावाला गोळ्या. घरात ज्या गोळ्या ठेवशील त्याच रेंजवर मारून बघ, अडकतात का. पेटीचे आकडे लॅरिसाला सांगू नकोस.

तो आला तर घरभर शोधत फिरायचं नाही. दोघी एका खोलीत, दार बंद, फोन चालू. हातात काय आहे ते मोठ्याने ओरडून सांग. त्याला परत फिरायची संधी दे. एकदा नाही, दोनदा.

आणखी एक, जे दुकानदार सांगणार नाही. चालवायची तयारी नसेल तर आणूच नकोस. तो ती तुझ्या हातून काढून घेईल. त्याला बंदूक धरायला मीच शिकवलंय.

तुझ्या सासूला यातलं काही माहीत नाही. ती रोज त्याच्यासाठी रोझरी म्हणते. मी शेजारी बसतो.

तुम्हा दोघींना देव सांभाळो.
पप्पा


ह्यूस्टनजवळ
१० मार्च २०२४

ती. पप्पांस सप्रेम जय येशू. वि. वि.

सांगितलीत तीच घेतली. बोल्ट सातव्या वेळेपर्यंत जमला, आठव्याला हात दुखला, तरी दहा पूर्ण केले. लॅरिसा म्हणते, ही प्लंबरच्या पिशवीतून पडल्यासारखी दिसते. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसले.

कोर्टात ट्रॉय रडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ममींचा फोन आला होता. ट्रॉयने त्यांना आमचं भांडण झालंय एवढंच सांगितलंय. उपवासकाळ आहे, त्याला माफ करून घरात घे, म्हणाल्या. मी ड्यूटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

बोटीवर उन्हात जास्त उभे राहू नका. आठवण ठेवा.
ॲडेलिन


ह्यूस्टनजवळ
२८ एप्रिल २०२४

ती. पप्पांस,

फोनवर मी तुम्हाला फक्त तो गेला एवढंच सांगू शकले. बाकीचं तुम्हाला कळायला हवं.

चौदा तारखेच्या रविवारी दुपारी मी नाइट करून झोपले होते. लॅरिसाने उठवलं, तिने खिडकीतून त्याची गाडी पाहिली होती. तुम्ही लिहिलंत तसंच केलं. लॅरिसाला बाथटबमध्ये बसवलं, बेडरूमचं दार लावलं, पोलिसांचा फोन चालू ठेवला. दोनदा ओरडले. पहिल्यांदा ओरडल्यावर बाहेर सगळं शांत झालं. वाटलं, गेला. मग त्याचा आवाज आला, तुझ्यात तेवढी हिंमत नाही म्हणाला, आणि दारावर हातोडा बसला. मी दुसऱ्यांदा ओरडले. दार तुटून तो आत आला तेव्हा मी दोन गोळ्या झाडल्या.

कार्बाइन पेटीत टाकली, टॉवेल घेतले आणि त्याच्या पोटावर दाबून बसले. अँब्युलन्सला एकोणीस मिनिटं लागली. तो शुद्धीवर होता. लॅरिसाने बघितलं का, विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मग म्हणाला, ममीला काय सांगशील? मी टॉवेल बदलत राहिले.

पोलिसांनी जबाब घेतले. गुन्हा दाखल होणार नाही असं वकील म्हणते. ही बंदूक घ्यायला कोणी सुचवलं, असंही त्यांनी विचारलं. एका नातेवाइकाने, एवढंच सांगितलं. ममींना तुमचं नाव माझ्याकडून कधीच कळणार नाही. तुम्हाला त्यांच्याबरोबर एका घरात राहायचंय.

लॅरिसाला विचारलं की आय ॲम फाइन म्हणते, बस.

मला अजून मुलगी मानत असाल तर दोन ओळी लिहा.
ॲडेलिन


फुजैरा
९ जून २०२४

चि. ॲडेलिन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सौ. लिहायला गेलो आणि हात थांबला.

व्हिसा वेळेत मिळाला नाही, मुलाची माती आम्ही फोनवर बघितली हे तुला माहीत आहे. त्यानंतर रोज कोणी ना कोणी भेटायला येई आणि तुझी सासू प्रत्येकाला सांगे की सुनेने बंदूक आणली आणि माझ्या पोराची वाट बघत बसली. मी चहा देत होतो. सहा आठवडे मी चहाच देत होतो, ॲडेलिन. बोटीवर रायफलींचे नंबर वाचताना डोळ्यांसमोर काही दिसेना, म्हणून कंपनीने मला किनाऱ्यावर ऑफिसात बसवलं.

तुझं शेवटचं पत्र तिथेच मिळालं. तू माझं नाव झाकलंस हे वाचून मला घरी जायची लाज वाटली. त्याच संध्याकाळी तुझी सगळी पत्रं तिच्यापुढे ठेवली आणि कोणती बंदूक घ्यायची ते मी सांगितलं, असं म्हणालो. तिने सगळी वाचली. मोडलेल्या हाताचं दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, ओरडेल, मारेल. तिने एकच विचारलं. मला का नाही सांगितलंत? मी तिथे जाऊन दारात बसले असते. मला ओलांडून तो आत गेला नसता.

कदाचित तो तिलाही ओलांडून गेला असता. कदाचित नसता गेला. मी रायफलीचा विचार केला, आईचा केला नाही. हे मला मरेपर्यंत पुरेल.

नऊ दिवस तिने माझं ताट वेगळं वाढलं. काल सकाळी भाजी चिरता चिरता म्हणाली, पोरीला सुट्टी लागली असेल, तिला इकडे पाठवायला सांगा. आता कोर्टाची अडचण उरलेली नाही, ते तिला कळलंय. तुझं नाव तिने घेतलं नाही.

मी तिकिटं दोन काढली आहेत. जुलैच्या सहा तारखेची. तुझ्यावरचा जीव होता तेवढाच आहे, हे पत्रात लिहून ठेवतो.

तुझा,
पप्पा