ब्रिग्जचा आकडा

१० जुलै २००३, गुरुवार

ग्रेग स्वतः माझ्या खोलीत आला आज! तीन वर्षांत पहिल्यांदा. तो टीमचा जनरल मॅनेजर, आणि माझी खोली म्हणजे लाँड्रीशेजारचं कोठार — खिडकी नाही, दिवसभर ओल्या टॉवेलांचा वास. बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "आत्ता नाही तर पुढची दहा वर्षं नाही, अवधूत."

खरं आहे. शॉर्टस्टॉप, म्हणजे आमचा सगळ्यात चपळ फील्डर, आणि दोन मोठे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तिघांचे करार या ऑक्टोबरात संपतात. मोठ्या शहरांच्या टीम तिघांना उचलून नेणार आणि आम्ही बघत बसणार. आमच्या फेरीमेन टीमकडे कुठला एवढा पैसा! गाव केवढं, टीव्हीचं उत्पन्न केवढं. चॅम्पियनशिप व्हायचं तर याच वर्षी.

त्याला विचारायचं होतं ते ब्रिग्जबद्दल. लायनेल ब्रिग्ज — छत्तीस वर्षांचा डावखुरा पिचर, गावाचा लाडका. सामना बिघडला, बेस भरले, म्हणजे तिन्ही बेसवर समोरचे धावायला टपून उभे राहिले, की त्याला आत आणतात. त्याच्या बदल्यात एक तगडा बॅटर मिळतोय. "तुझा प्रेशर इंडेक्स काय म्हणतो याच्याबद्दल?"

माझा इंडेक्स! स्टेट कॉलेजला पीएचडी करताना मी रचलेला — दबावाखाली कोण किती टिकतो ते एका आकड्यात. ग्रेगच्या तोंडून ते नाव ऐकून काय बरं वाटलं! लिहायला लाज कसली, इथे कोण वाचतंय.

१२ जुलै

ब्रिग्जचा आकडा काढला. सगळ्या लीगमध्ये शेवटून दुसरा! प्रोग्राम दोनदा चालवला. तोच. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस नुसत्या रुबाबावर टाळ्या घेतोय, आणि ते पकडलं कोणी? सांगलीच्या अवधूतने!

१८ जुलै, शुक्रवार

मीटिंग. मोठ्या खोलीत, मोठ्या टेबलाशी. मला पाणी आणून दिलं कोणीतरी.

वॉल्ट एकटा विरोधात. वॉल्ट आमचा सगळ्यात जुना स्काउट, चाळीस वर्षं खेळाडू बघत हिंडलेला. खिशात पेन्सिल. म्हणाला, "बेस भरलेले असताना मी या पोराला शंभरदा बघितलंय. त्याचा हात कापत नाही, प्रोफेसर." मला तो प्रोफेसर म्हणतो. छत्तीस वर्षांच्या माणसाला पोर.

मी म्हणालो, "डोळ्यांना जे आवडतं तेवढंच लक्षात राहतं, वॉल्ट. संगणकाला कोणी आवडत नाही."

सगळे हसले. वॉल्ट हसला नाही, हातातली पेन्सिल त्याने परत खिशात ठेवली. मी त्याच्याकडे बघितलं आणि — खरं लिहितो — मला मजा वाटली.

२९ जुलै

ब्रिग्ज गेला. समुद्राकाठच्या एका श्रीमंत टीमला दिला. आठ वर्षांचं सामान दोन बॅगांत भरलं त्याने. लाँड्रीतल्या बाईला मिठी मारली, मग माझ्या दारात आला. हात पुढे केला. "तू तुझं काम केलंस." एवढंच. पंजा केवढा त्याचा, माझा हात दिसेनासा झाला.

घरी नीलांबरीला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तोच ना, ज्याने पार्किंगमध्ये माझी गाडी जम्पस्टार्ट करून दिली होती? भला माणूस होता रे."

भलेपणाचा आकडा नसतो, असं काहीतरी बोललो मी. ती भांडी लावायला निघून गेली.

५ ऑगस्ट

नव्या बॅटरचे दोन होमरन! ग्रेगने सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. आम्ही पहिल्या नंबरवर.

११ ऑगस्ट, सोमवार

गाडीत बसून लिहितोय. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, जेवणाच्या सुटीत. खोलीत बसवेना.

सकाळी आमच्या एका नव्या पिचरचा आकडा बघत होतो. कालच्या सामन्यात तो आला तेव्हा तिन्ही बेस भरलेले. एक साधा फटका, दोन धावा, मग त्याने दोघांना बाद करून टाकलं. चांगलं काम. पण माझ्या प्रोग्रामने दोन्ही धावा त्याच्या माथी मारल्या होत्या. असं कसं? ते दोघे बेसवर आधीच्या पिचरने सोडलेले. त्यांच्या धावा आधीच्याच्या नावावर जातात. इथल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक आहे!

मग ती ओळ शोधून काढली. धाव झाली तेव्हा जो पिचर होता, त्याच्या खात्यात घाला. स्टेट कॉलेजच्या पहिल्या हिवाळ्यात मी लिहिलेली. तेव्हा मी एकही अख्खा सामना बघितलेला नव्हता. सांगलीत क्लबचं स्कोअरबुक मी लिहायचो — ज्याची ओव्हर, त्याच्या नावावर धावा. तेच डोक्यात. नंतर बेसबॉल शिकलो, पीएचडी झाली, नोकरी लागली, ती ओळ तशीच. सामना सुरू करणाऱ्या पिचरला बेस रिकामेच मिळतात, त्यामुळे त्यांचे आकडे कधी बिघडले नाहीत. आणि मधेच येणाऱ्या पिचरचा आकडा माझ्याकडे कोणी मागितलाच नव्हता. ब्रिग्जपर्यंत.

ब्रिग्जला तर बोलावायचेच बेस भरले की. सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर, म्हणून दुसऱ्यांचं सगळ्यात जास्त ओझं त्याच्या नावावर. जितका विश्वास मोठा, तितका माझ्याकडे आकडा वाईट!

ओळ सुधारली. परत चालवला.

लीगमध्ये तिसरा. वरून.

डबा तसाच पडलाय, सुटी संपत आलीय.

१२ ऑगस्ट

उद्या ग्रेगला सांगतो. सकाळी पहिलं काम.

१३ ऑगस्ट

नाही सांगितलं. ग्रेग फोनवर होता. मग जेवायला गेला. मग मोकळा होता.

१४ ऑगस्ट

माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्याच्या टेबलावर आहेत. क्लबला लिहून द्यायचंय की हा माणूस आम्हाला हवाच, याच्यासारखं काम दुसरं कोणी करू शकत नाही. हे कोणत्या तोंडाने सांगू? ती सही झाली की नीलांबरीचं वर्क परमिट मार्गी लागेल. नागपूरला स्वतःचा दवाखाना होता तिचा. चार वर्षं या देशात दुसऱ्यांचे दात लांबून बघतेय. तिच्यासाठी तरी थांबायला हवं.

शिवाय ब्रिग्ज काही परत येणार नाही. सांगून उपयोग काय?

सगळ्यात वाईट ते आता लिहितो. जुनी फाइल पुसली. सुधारलेली तिच्या जागी ठेवली, त्याच नावाने. कोणी उघडली तर वाटेल, चूक कधी नव्हतीच.

२१ ऑगस्ट

वॉल्ट आला होता. दोन कॉफ्या घेऊन! माझ्यात दूध जास्त, बरोबर लक्षात ठेवून. उलट्या बादलीवर बसला. "तुझा तो आकडा काढतात कसा, मला म्हाताऱ्याला समजेल असं सांग."

मी वीस मिनिटं बोललो. वेटेज, रिग्रेशन, काय काय. मुद्दाम अवघड केलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

"बरं." कप उचलून गेला. माझाही उचलला.

३ सप्टेंबर

आठ दिवसांत चार सामने गमावले. चारही तसेच — नवातली आठवी इनिंग, बेस भरलेले, आणि आत आणायला माणूस नाही. गाडीत रेडिओ लावला तर लोक फोन करकरून विचारतायत, ब्रिग्जला का घालवलं?

मीटिंगमध्ये ग्रेगने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "चार सामने म्हणजे फार लहान नमुना आहे. हे नशीब आहे." घसा साफ होता. आवाज अजिबात अडखळला नाही. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

६ सप्टेंबर, शनिवार

इथल्या मराठी मंडळाचा गणपती. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या कड्याखाली मखर. आरती झाल्यावर अरुणकाकांनी माइक घेतला. "आपला मराठी माणूस बेसबॉलमध्ये! इथल्या लोकांना खेळ शिकवतोय! अवधूत, दोन शब्द बोल." टाळ्या. मला उभं केलं.

काय बोललो देव जाणे. आकडे कसे खोटं बोलत नाहीत त्यावर बोललो बहुतेक. समोर मूर्ती. मी बोलत होतो ते सगळं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. पद्मजाकाकूंनी हातावर दोन मोदक ठेवले, "हुशार आहेस हो." नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात टाकले.

गाडीत नीलांबरी म्हणाली, "तुला बरं नाहीये का? व्हॉट हॅपन्ड?"

"ॲसिडिटी," म्हणालो. आता तिच्याशीही खोटं.

१७ सप्टेंबर

जिंकलो. हरलो. जिंकलो. दुसऱ्या नंबरवर घसरलो. पाच सामन्यांत ब्रिग्ज असता तर काय झालं असतं ते मी रोज मोजतो. कोणी सांगितलं नाही मोजायला.

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटच्या दिवशी, एका सामन्याच्या फरकाने प्लेऑफमध्ये! अख्खं गाव रस्त्यावर. ग्रेग रडला, अक्षरशः. मीही ओरडलो, उड्या मारल्या. वाटलं, आता जिंकलो तर सगळं धुऊन निघेल. कोण विचारणार मग?

पहिल्या फेरीत समोर कोण? समुद्राकाठचे. ब्रिग्जचे.

५ ऑक्टोबर, रविवार

पाचवा, शेवटचा सामना. दोन-दोन अशी बरोबरी, आमच्या मैदानावर. एका धावेने मागे. आठवी इनिंग, आमचे तिन्ही बेस भरलेले, एकच बाद. बॅट आमच्या शॉर्टस्टॉपच्या हातात.

त्यांच्या बाजूचं फाटक उघडलं आणि ब्रिग्ज चालत आला. चालतच, नेहमीसारखा, घाई नाही. आणि आमचं स्टेडियम उभं राहिलं. आमचं! आमच्या टीमला संपवायला आलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवत. त्याने टोपीला हात लावला. मग सात चेंडू टाकले. दोन माणसं बाद, म्हणजे तीन पुरे, आमची इनिंग खलास. हात कापला नाही.

नववी इनिंग कोणी नीट बघितली नाही.

संपलं. दहा वर्षं म्हणाला होता ग्रेग. माझ्या पुढे वॉल्ट बसला होता, त्याची मान मागून दिसत होती. त्याने मागे वळून बघितलं असतं तर मी तिथेच बोललो असतो, असं मला वाटतं. पण हेही मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत असेन.

खालच्या बोळात ब्रिग्ज समोर आला. खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस." मी मान हलवली.

६ ऑक्टोबर

खेळाडू सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून नेतायत. शॉर्टस्टॉप सगळ्यांना भेटून गेला. परत येणार नाही हे त्याला माहीत, आम्हालाही. लाँड्रीतली बाई रडत होती. मला म्हणाली, "इतकं जवळ आलो होतो, नाही?"

घरी गेलो आणि नीलांबरीला सगळं सांगितलं. ओळ, फाइल, वॉल्टची कॉफी, सगळं. ती पोळ्या लाटत होती. गॅस बंद केला.

"दोन महिने?"

"तुझ्या परमिटसाठी गप्प बसलो गं. सही राहिली असती—"

"ए. ते माझ्या नावावर टाकू नकोस." आवाज चढवला नाही तिने. "मला विचारलंस एकदा तरी? तू घाबरलास म्हणून गप्प बसलास. तू. मी चार वर्षं थांबलेय ना, आणखी थांबले असते. नागपूरला गेले असते परत. पण हे नको होतं मला."

तिने गॅस पेटवला आणि उरलेल्या पोळ्या केल्या. वाढल्यासुद्धा. मग म्हणाली, "सांगून ये. नोकरी गेली तर गेली."

७ ऑक्टोबर

ग्रेग गावात नाही. उद्या येतोय. मी खरंच विचारलं, सेक्रेटरीला दोनदा.

८ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. ग्रेगच्या खोलीत, वॉल्टही होता. फाइल पुसल्याचंही सांगितलं. दोघांपैकी कोणीच दचकलं नाही.

"माहीत आहे," ग्रेग म्हणाला. ऑगस्टातच वॉल्टने जुने स्कोअरशीट काढून पेन्सिलीने मोजलं होतं. "तू येशील म्हणून थांबलो होतो."

ब्रिग्जची माफी मागायचीय, त्याचा नंबर द्या, म्हणालो. वॉल्टने चिठ्ठीवर लिहून दिला. "त्या दिवशी कॉफीला तुझं तोंड बघितलं, आणि त्याच संध्याकाळी त्याला फोन केला होता. म्हणालो, पोराला चूक कळलीय, फार वाईट वाटतंय त्याला, पण बोलायचा धीर होत नाही. तुझ्या वतीने माफी मागून ठेवलीय."

नंबर घेतला. अजून लावलेला नाही.