हलिमाबीला रडवताना

६ ऑक्टोबर १९५८, दुपार
आज निश्चय. मुंबईच्या मासिकाच्या कथास्पर्धेला कथा पाठवायची. विषय: मुसलमान स्त्रीचे दुःख. या विषयावर माझा अधिकार आहे. जत्रेच्या तंबूत असले सिनेमे पाहिलेत आणि प्रत्येक वेळी मनापासून रडले आहे. शिवाय आमच्या परसाला लागूनच हलिमाबी राहते. जिची कथा पहिली येईल ती सावंतवाडीच्या महिला मेळाव्यात व्यासपीठावरून स्वतः वाचणार. मला ते हवे आहे. फार हवे आहे. रोज मोठ्याने वाचायचा सराव करायचा. मामंजी ओटीवर असतील तेव्हा मनात.

७ ऑक्टोबर
मामंजी दिवसभर ओटीवर. सराव मनात.

८ ऑक्टोबर
नायिका शबनम. संगमरवरी कारंजे, चिकाचा पडदा, पडद्यामागे दोन ओले डोळे. नवरा कठोर. छान जमले, मग अडले. जीव थाऱ्यावर नाही. चारदा उठून पाणी प्यायले.
निरीक्षणासाठी कुंपणापाशी गेले. हलिमाबी काथ्याचे जुडगे मोजून घेत होती आणि आणणाऱ्याला फैलावर घेत होती. तिचा नवरा बोटीवर, आफ्रिकेच्या बाजूला. विरह! विचारले, आठवण येते का गं, डोळे भरतात का? म्हणाली, आठवण येता मा. पण तो घरात असलो की रोज नवा कालवण मागता. आता माका वायच आराम आसा.
दुःख लपवते. टिपून ठेवले.

१० ऑक्टोबर
बुरख्याविषयी विचारले. आमच्या वाडीत कोणी घालत नाही. हलिमाबीकडे मात्र एक आहे, नवऱ्याने मुंबईहून आणलेला. काळा, रेशमी. एकदाच घातला, मुंबईच्या बोटीत. बोट लागली, ओकली, धुऊन पेटीत ठेवला तो ठेवला. कथेत ओकारी घेणार नाही.
एरवी ती साडी नेसून, छत्री घेऊन एकटी सावंतवाडीला जाते, बांद्याला जाते, काथ्या विकते. पण डोक्यावर पदर असतो. म्हणजे पडदा आलाच. (माझ्याही असतो. पण आपला पदर म्हणजे मर्यादा. फरक आहे.)

१३ ऑक्टोबर
हलिमाबीला सुरुवात वाचून दाखवली. कारंजे आवडले. गालिचेही. मग विचारते, गालिचे झाडता कोण? आणि ही सकाळपासून रडता तर पेज कोण रांधता? मी म्हटले, अगं, सिनेमात नाही का तसेच असते. म्हणाली, सिनेमात मीय रडतंय. पण ती लखनौची. तिका विहिरीचा पाणी काढूचा नसता.
तिला कलेची दृष्टी नाही. राग मानायचा नाही असे ठरवले. संध्याकाळपर्यंत मानला.

१६ ऑक्टोबर
नवा शेवट सुचला. शबनम पायांत चपला घालून उंबऱ्यापर्यंत येते. कोणी अडवत नाही. ती आपणहून परत फिरते. कुठून सुचला कोण जाणे. ही सगळी निरीक्षणाची कमाई.
पाकीट हलिमाबीकडे दिले. टपालकचेरीला यांच्या सुपारीच्या दुकानासमोरून जावे लागते आणि आमच्या घरच्या बायका दुकानासमोरून जात नाहीत. ती बाजारात चाललीच होती.

२७ ऑक्टोबर
पहिला नंबर! पत्र आले! मेळावा येत्या रविवारी. न्हाणीघरात जाऊन मोठ्याने हसले. यांना आजच सांगायचे.

२८ ऑक्टोबर
सुपारीचा भाव पडलाय. उद्या.

२९ ऑक्टोबर
सांगितले. हे म्हणाले, वा. मग म्हणाले, व्यासपीठावर? चार पुरुष असतील तिथे. बाबांना विचारायला हवे. मी मामंजींशी बोलत नाही, तशी पद्धतच नाही. म्हणून म्हटले, तुम्हीच विचारा. हे म्हणाले, त्यांना कशाला त्रास, ते नाहीच म्हणतील. तुझी कथा दुसरे कोणी वाचील, नाव तर तुझेच.
फार समजूतदार आहेत. शब्दाने दुखावत नाहीत. शबनमचा नवरा असा असता तर कथाच झाली नसती.
जेवण गेले नाही. अपचन असावे.

३१ ऑक्टोबर
युक्ती सापडली! सिनेमात कोणाला निसटायचे असले की बुरखा घालतात. मिशीवाला नायकसुद्धा घालतो आणि सासऱ्याच्या पुढ्यातून निघून जातो. यांना सांगायचे, तारकर्लीला माहेरी जाते. मागच्या दाराने हलिमाबीकडे, तिथून बुरख्यात, दुकानासमोरूनच, एस. टी. स्टँड. तीही त्याच गाडीने जाणार आहे.
बुरखा मागितला तेव्हा हलिमाबी पोट धरून हसली. गो सत्यवती, साडी नेसानच चल माझ्यावांगडा, कोण बघता तुका? मी म्हटले, तुला नाही कळायचे. तुमच्यात पडदा असतो, आमच्यात… तिने पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास.

२ नोव्हेंबर, सकाळी आठ
निघते. कथा पाठ आहे, तरी नक्कल हातात. पायांत चपला. बाकी बुरख्यात काही दिसणार नाही.

त्याच दिवशी, दुपार
घरीच आहे.
हलिमाबी छत्री घेऊन पुढे, मी मागे. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. माझ्याकडे अख्ख्या बाजाराने पाहिले. सिनेमातल्या बाजारात सगळ्याच बायका बुरख्यात असतात, हे लक्षातच नव्हते आले. इथे मी एकटी. दोन कुत्री भुंकत मागे लागली. पोरे तर होतीच. तरी मान खाली घालून चालत राहिले. दुकान ओलांडले की झाले.
दुकानाच्या अगदी समोर मासेवाली हिरा. टोपली डोक्यावर, आवाज नेहमीचा. अगो, ह्या कोण? ह्ये सत्यावैनीचे पाय! वैनी, खंय चललास? अंगाक बरा नाय काय?
हिरा रोज आमच्या मागच्या दाराशी येते. मी दाराआडून बांगडे घेते. तिने इतक्या वर्षांत माझे पायच पाहिलेत.
हे दुकानाची पायरी उतरून आले. ओरडले नाहीत. म्हणाले, घरी बाबांना चहा हवा असेल.
परत फिरले. कोणी अडवले असे नाही. हलिमाबीने माझ्या हातातले कागद घेतले आणि गाडी गाठायला धावली.
टीप: बुरख्यात उकडते फार. कथेत घालायला हवे होते.

३ नोव्हेंबर
नवा निश्चय. यापुढे स्वयंपाकावर लिहायचे.
हलिमाबी मागच्या दाराशी आली. कथा कोणा मास्तरीणबाईंनी वाचली. बायका हुंदके देऊन रडल्या. हलिमाबीही रडली, सांगतानाही डोळे पुसत होती. मला जिंकल्यासारखे वाटले. शेवटी रडली!
मग म्हणाली, ती काय मी नाय गो. खरा सांग, ती खंयची? घरातसून भायर पडाक बघता आणि आपणच मागे फिरता. माझ्या काळजात चर्र झाला. खंय रवता ती? तिका हाताक धरून गाडयेत बसवूक होयी.
मी सांगितले, लांबची आहे. लखनौकडची. तुझ्या ओळखीची नाही.
मामंजी ओटीवर होते, म्हणून हे दाराआडून, हळू सांगितले. हलिमाबी उभीच होती, माझ्या पायांकडे बघत.