सात नंबरची तार

झोंबा, मंगळवार

प्रिय वायसन,

आधी माझी तक्रार ऐकून घे, प्रकरण गंभीर आहे. या रेडिओ स्टेशनात गेली बावीस वर्षं माझ्या टेबलाखालचा प्लग माझ्या किटलीचा होता. तीन संचालक आले नि गेले, एकदा छप्पर उडालं, पण त्या प्लगवर कुणी हक्क सांगितला नाही. मार्चमध्ये तिथे एक पांढरा डबा येऊन बसला. साबणाच्या वडीएवढा, मध्ये निळा दिवा. तेव्हापासून चहासाठी मला हिशेबनिसाच्या खोलीत जावं लागतं, आणि पाणी उकळेपर्यंत त्याच्या जावयाची निंदा ऐकावी लागते. जावई मला मनापासून आवडायला लागलाय.

बिनतारी इंटरनेटचे असे पाच डबे आले, देणगीतून. ते म्हणे एकमेकांशी हवेतूनच बोलतात. आताचे संचालक नामालोम्बा साहेबांनी पाद्र्यासारखे हात पसरून जाहीर केलं की आता तारांचा जमाना संपला. स्टुडिओतला आवाज मागच्या खोलीत आणि तिथून टेकडीवरच्या प्रक्षेपणाच्या खांबापर्यंत अजून तुझ्याच तारेवरून जातो, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

मला मात्र ती तार ओढली ते दिवस आठवले. जुन्या पोस्टाची ही इमारत, माळ्यावर वटवाघळं, तू त्यांच्यात पोटावर सरपटत चाललेला आणि मी खाली शिडी धरून तुला गावच्या बातम्या देत उभा. तुझी एनेलेसीताई दुपारी फडक्यात बांधून मंदाझीचे तळलेले गोड गोळे आणायची आणि लहान बादलीतून थोब्वाची आंबूस पेज. पहिल्याच दिवशी तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तुला विचारलं, "हा शिडी धरतोय की शिडी याला धरतेय?" आयुष्यभर मी लोकांची टर उडवून पोट भरलं, पण माझी इतकी नेमकी उडवलेली पुन्हा कुणाला जमली नाही. पुढे ती मला तुझ्याआधी वाढायची. पाहुणा म्हणून नाही, तू मुकाट्याने वाट बघतोस आणि मी बघत नाही म्हणून.

प्रत्येक तारेला तू जखमेवर लावायच्या पट्टीचा तुकडा चिकटवलास आणि त्यावर आकडा लिहिलास. आणि आम्हाला दम दिलास: तारेचं टोक मोकळं लोंबत ठेवायचं नाही. धूळ बसते, मुंग्या शिरतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आळशी माणसाची सही दिसते. स्टेशनात तुझं हे एवढं एकच वाक्य मी मनापासून पाळलं. बाकी तू काय शिकवत होतास तेव्हा माझं लक्ष मंदाझीकडे असायचं.

एप्रिलपासून स्टेशनाला फेपरं यायला लागलं. वीज जायची, ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण ती परत आली की आजार सुरू. मागच्या खोलीत सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकायचे, संगणक मान टाकायचे आणि आवाज टेकडीपर्यंत पोहोचायचाच नाही. कधी दहा मिनिटांत आपोआप बरं, कधी दुसरी दुपार. निदान करायला डॉक्टर लागलाच नाही. बावीस वर्षांच्या तारा, सडणारच, असं शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणाले. मीही म्हणालो, आणि वर शनिवारच्या कार्यक्रमात म्हणालो, की आमच्या तारा आता पेन्शनचा अर्ज लिहिताहेत. तू चिसी बेटावरून निरोप पाठवलास की ऐकून हसलास. तू माझ्या विनोदांना कधी हसत नाहीस, वायसन. ते तुला लागलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग जूनमधला तो गुरुवार. ताई सकाळी गेली. तिच्या मुलांनी दुपारी बातमी लिहून आणून दिली, कारण बेटावर तुझा फोन लागत नाही आणि सहाच्या मृत्युवार्ता तू चुकवत नाहीस, हे घरच्यांना पक्कं ठाऊक. होडीनेही निरोप पाठवला होता, पण वारा उलटा होता. सहाला मी बसलो आणि वाचली. स्वतःचा आवाज सांभाळत वाचली, एवढंच सांगतो. बाहेर आलो तेव्हा कळलं, मी बंद दारापुढे वाचत होतो. पाचला गेलेली वीज सहाच्या तोंडावर परत आली होती. स्टेशन दुसऱ्या दुपारपर्यंत मुकं होतं. तू कचुलूच्या धक्क्यावर उतरलास तोवर तिच्यावर माती पडली होती. लोकांपुढे उभं राहून बोलण्याचा मान तुझा, तिच्या लेकरांच्या मामाचा, आणि तुझ्या जागी गावचा एक म्हातारा उभा राहिला, ज्याला ताईचं नावही धड घेता आलं नाही.

आठवड्याने तू स्टेशनात आलास. साहेबांनी नवीन तारांचा विषय अदबीने काढला. तू भिंतीवरून हात फिरवलास आणि म्हणालास, "उपटून टाका. माझ्याच तारांनी माझी बहीण माझ्यापासून लपवली." साहेबांनी ते टिपून घेतलं. व्यवसायाने बोलका असून मी त्यांना फक्त पेन दिला.

मागच्या मंगळवारी ब्लांटायरहून एलेस्टिना म्हणून एक बाई आल्या, तारा उपटण्याआधी मोजमाप घ्यायला. चाळिशीच्या, जाड चष्मा, बोलणं कमी. त्यांनी आधी तुझ्या तारा तपासल्या, एकेक. मग साहेबांना विचारलं, हे काम कुणाचं? साहेब माफीच्या सुरात सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "एकही तार खराब नाही. मला असा माणूस मिळाला असता तर मी लग्न केलं असतं." मग त्यांनी मुद्दाम वीज बंद करून परत लावली. पेटीचे दिवे पिसाळले. त्या एकेक तार उपसून थांबत, बघत, परत लावत गेल्या. एक, दोन करत पाच, सहा. सात नंबरची उपसली आणि सगळे दिवे शांत झाले. एकदम, तापलेल्या पोराने कूस बदलून झोपावं तसे.

त्यांनी समजावलं ते मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. ते डबे आपसात हवेतून बोलतात. त्यातला एक तारेलाही जोडला तर तारेतून गेलेली हाक हवेतून परत येते, पुन्हा तारेत शिरते, आणि गोल फिरत फिरत तिची इतकी बोंब होते की दुसऱ्या कुणाचा शब्द पुढे सरकत नाही. एरवी डबा शहाण्यासारखा एकच वाट धरतो. वीज जाऊन आली की हे डबे अर्धवट झोपेत दोन्ही वाटा उघडून बसतात. आपली पेटी जुनी, साधी, तिला हे वर्तुळ ओळखता येत नाही. बाई तारेमागोमाग चालत माझ्या टेबलापाशी आल्या, वाकल्या, आणि विचारलं की ही तार या डब्यात कुणी खोचली. साहेब म्हणाले, वायसनच्या वेळचं काहीतरी असेल. वायसन, डबा मार्चमध्ये आला आणि तू तीन वर्षांपूर्वीच स्टेशन सोडून बेटावर गेलास. मी हिशेबनिसाच्या खोलीत चहा करायला निघून गेलो.

ती तार मी खोचली होती. डबा आला त्याच दिवशी. टेबलाखाली सात नंबरचं टोक मोकळं लोंबत होतं, डब्याला मागे तसंच भोक होतं, मला तुझा दम आठवला आणि मी ते आत सारलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, उलट तुझी आठवण काढून खूश झालो. ताईची बातमी तुझ्या तारांनी अडवली नाही. माझ्या हाताने अडवली. आणि मंगळवारी कळल्यावरही मी पाच दिवस गप्प बसलो, ते निराळं. रविवारी साहेबांना लिहून दिलं. तारा राहताहेत. टेकडीवरच्या यंत्रात त्या गुरुवारचं ध्वनिमुद्रण आहे, तेही बाईंनी मला ऐकवलं. "कळवण्यास अत्यंत दुःख होतं की" एवढं माझं बोलणं कसंबसं निसटून पोहोचलंय आणि पुढे नुसती खरखर. आज सहाला तू बेटावर रेडिओ लावला होतास की नाही, मला माहीत नाही, म्हणून हे पत्र उद्याच्या होडीने पाठवतोय. मृत्युवार्ता वाचायला बसलो तेव्हा सगळ्यांत आधी ती तार कुणी खोचली ते माझ्या पूर्ण नावानिशी सांगितलं. मग जूनचा तो कागद उघडला आणि राहिलेलं वाचलं: एनेलेसी नाखुम्वा, वय एकाहत्तर, आज सकाळी आपल्या घरी वारल्या, चिसी बेटावरचे त्यांचे धाकटे भाऊ वायसन यांनी ताबडतोब निघून यावं, त्यांच्याशिवाय कुणी बोलणार नाही. त्यानंतर पुढची बातमी वाचायला घेतली.

तुझाच,
हॅस्वेल