साहेबांचा कागद आणि माझी चिमटाकाठी

चि. धाकटोबा यास ताईचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? (दुखत नसेल तर मुद्दाम वाकून बघू नकोस.) भावजयीचा खोकला थांबला का? माझ्यासाठी मागची खोली रिकामी केल्याचं तुझं पत्र पोचलं. वाचून गहिवरले आणि घाबरलेही. एकेचाळीस वर्षं या घराचं दार माझ्याच किल्लीने उघडतेय रे. तेव्हा झालं काय, ते सगळं नीट ऐक.

माळा झाडताना स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, हे तुला ठाऊक आहेच. दवाखान्यातून सोडताना ठरलं, की सहा आठवडे सेवा केंद्राची मदतनीस घरी येईल, मग तिथले साहेब येऊन मी एकटी राहू शकते का ते बघतील. नाही म्हणाले, तर मी तुझ्या मागच्या खोलीत. बाई कामाला येणार म्हणून मी वॉकर धरधरून आधीच घर आवरून ठेवलं (तिला काय वाटेल!), तर ही बया आली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. बरणीचं झाकण निघेना, तरी हात मागेच. मदतीला आलेली बाई मदत करत नाही, हा काय प्रकार? तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली मी, मला चैन पडेना. विचारलं, तर म्हणाली, "मी उघडलं तर उद्या कोण उघडणार, मावशी?" त्या झाकणापायी पाऊण तास गेला. निघालं तेव्हा आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या हसलो.

पुढच्या आठवड्यात तिने चिमटाकाठी आणली. वर मूठ, खाली दोन बोटं. मूठ दाबायची आणि न वाकता पडलेली वस्तू उचलायची. आता अशी चीज हातात आल्यावर काठीने काय काय उचलता येतं, हे बघायला नको? चमचा आला, वर्तमानपत्र आलं, साबण निसटला, शेजारचं मांजर रागावलं.

सहा आठवडे भरले आणि या बुधवारी केंद्राचे साहेब आले. मला उठवलं, बसवलं, चहा करायला लावला आणि दर वेळी कागदावर काहीतरी खरडलं. माझा जीव टांगणीला. चहात बिस्किट पडलं, ते काढण्यात साहेब गुंतले, कागद तिपाईवर राहिला, आणि काठी माझ्या हातातच होती. अलगद ओढला. 'हालचाल: ठीक. स्मरणशक्ती: उत्तम. धोका:' आणि पुढे कोरं. मान वर केली तर साहेब माझ्याकडेच बघत होते. मदतनीस खिडकीबाहेर बघायला लागली. साहेबांनी कागद परत घेतला आणि कोऱ्या जागी लिहिलं, 'फार चौकस'. खाली लिहिलं, 'एकट्या राहू शकतात.' अट एकच, स्टूल घरात नको. मी त्यांच्यासमोर रडले आणि मला लाजही वाटली नाही.

तुझी,
(अजून स्वतःच्याच घरातली) ताई

ता. क. स्टूल पार्सलने तुझ्याकडे पाठवतेय. चांगलं आहे, टाकू नकोस.

आणखी एक. मी माळा झाडत नव्हते. वरच्या मजल्यावर राहायला कोण आलं, ते दारावरच्या झरोक्यातून बघत होते. भावजयीला सांगू नकोस.

शेवटचं. मागची खोली एवढ्यात कुणाला देऊ नकोस. तुझी फार आठवण येते, आठ दिवस पाहुणी म्हणून येईन म्हणते. फक्त परतीचं तिकीट आधी काढ, मग येण्याचं.