गाल भरायचे, पण कशानं

३ सप्टेंबर

पुन्हा तेच. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाली तानाबाई पिशवीत गवारी टाकता टाकता म्हणाली, "आजारी हायसा काय, बाई? लई वाळलाय की." मी आजारी नाही! साखर नाही, बीपी नाही, रोज रंकाळ्याला फेरी. फक्त गाल बसलेत. डोळ्यांखाली खड्डे, ओठांच्या कडेला घड्या. आरशात बघितलं की वाटतं, ही बाई कुणाच्या तरी मयताला निघालीय.

चौदा डिसेंबरला वारणानगरला हॉस्टेलच्या जुन्या मुलींचा मेळावा. त्यांच्यातल्याच प्रियदर्शनीचा फोन होता — भाषण तुमचंच, मॅडम. रेक्टर म्हणून मी या मुलींना धाकात ठेवलं. त्यांनी मागून नावं ठेवली, तेही चाललं. पण मला मंचावर बघून कुणी "किती थकल्या मॅडम" म्हणून हळहळलेलं चालणार नाही. कीव नको. तेव्हा गाल भरून घ्यायचे. ठरलं.

९ सप्टेंबर

आम्ही दोघं डॉ. अवनीकडे गेलो. प्लास्टिक सर्जन आहे, माझ्याच हॉस्टेलची. मी आत गेले तर खुर्चीतून उठून उभी! "तुम्ही बसल्याशिवाय बसता येत नाही, मॅडम." उशिरा आली म्हणून हिचा सिनेमा मी महिनाभर बंद केला होता. विसरलेली दिसत नाही.

तिनं दोन रस्ते सांगितले. एक फिलर — जेलसारखं औषध सुईनं गालात भरायचं. त्याच दिवशी घरी. पण वर्ष-दीड वर्षात विरतं, पुन्हा भरावं लागतं. पसंत नाही पडलं तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. दुसरा रस्ता चरबीचा — पोटाची नाहीतर मांडीची काढायची, साफ करून गालात सोडायची. आपलीच असते, जगली तेवढी राहते. किती जगेल ते मात्र आधी सांगता येत नाही, आणि सूज काही आठवडे. मग तिनं माझ्या पोटाला चिमटा घेऊन बघितलं आणि मान हलवली. चिमटीत काही येईचना!

हे शेजारी बसून होते. सगळ्याला आपलं "व्हय, व्हय."

१० सप्टेंबर

मला चरबीचं पटतंय. एकदा करा, मोकळे व्हा. सारखं सुया टोचून घ्यायला कोण जाणार? पण चरबी आणायची कुठून?

सकाळी अंघोळ करून बाहेर आल्या आल्या यांनी जाहीर केलं, "पोटात न्हाय म्हणून गालात न्हाय. महिना दे मला."

जुने पैलवान. तालमीत पोरं तयार केली, बायको काय अवघड! यांचे दोन्ही कान कुस्तीत मोडलेले — मुठीत कुस्करलेल्या पेढ्यासारखे. लग्न ठरताना माझी आई म्हणाली होती, कान तेवढे नीट करून घ्या म्हणावं. यांचं उत्तर अजून आमच्या घरात सांगतात — "ह्यो आमचा दाखला हाय. पुसायचा नसतोय."

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. फेसासकट प्यायचं. एक संपेपर्यंत दुसरा हजर. गवळी म्हणाला, "वहिनींना मैदानात उतरवतायसा काय, हंबीरराव?"

हे खूश. "व्हय."

१७ सप्टेंबर

दूध. बदाम. तूप. पोट तट्ट.

२४ सप्टेंबर

मीनाक्षीचा गारगोटीहून फोन. धाकटी बहीण, पण उपदेश थोरलीचा. या वयात हे कसलं खूळ, लोक काय म्हणतील वगैरे. मी म्हटलं, तू चाळिशीपासून केस रंगवतेस, तेव्हा लोकांना विचारलं होतंस का? मग हळूच — "दुखतं का गं फार?"

१२ ऑक्टोबर

ब्लाउज घट्ट झाले. पोटावर धरायला जागा आली. यांना घेऊन ऐटीत अवनीकडे गेले. तिनं वजन बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, असं घाईनं वाढवून नाही चालत. गालात गेली तरी चरबी स्वभाव सोडत नाही. दूध बंद करून तुम्ही उतरलात की गालही उतरणार. आधी वजन काही महिने एका जागी राहायला पाहिजे."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कट्ट्यावर जाऊन दूध प्यायला लागाल, हे मला काय माहीत?"

म्हणजे डिसेंबर हुकला. मी यांच्याकडे बघितलं. महिनाभर सगळा खटाटोप यांचा, आणि आता हसून "व्हय"! असा राग आला! रिक्षात एक शब्द बोलले नाही. यांना त्याचंही काही वाटलेलं दिसलं नाही.

१३ ऑक्टोबर

दूध बंद. फिलर करणार. डिसेंबरच्या आत होणारं हे एकच. आणि नीट विचार केला तर विरघळवता येतं, हा त्याचा गुणच. हॉस्टेलवर दिलेला निर्णय मी कधी फिरवला नाही. चेहऱ्याच्या बाबतीत फिरवायची सोय असलेली बरी. अवनीला बजावलंय — थोडंच भर. मला नवरी व्हायचं नाही.

२९ ऑक्टोबर

झालं! सुई टोचली, जरा दडपल्यासारखं वाटलं, बस. अवनीचा हात स्थिर आहे. उजव्या गालावर काळानिळा डाग. मीनाक्षीला फोटो पाठवला. तिनं डॉक्टरांचा नंबर मागितला.

८ नोव्हेंबर

डाग गेला. छान झालंय. तरुण-बिरुण काही नाही — माझीच मी, पण पोटभर जेवलेली. तानाबाई म्हणाली, "म्हायारला जाऊन आलाय काय, बाई?" एक जुडी कोथिंबीर जास्त टाकली. मी नको म्हटलं नाही.

यांना स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, कशी दिसते? पेपरातून मान वर नाही. पुन्हा विचारलं. "व्हय." जाऊ दे. लग्नातही यांनी कौतुक केलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

भाषणाची तालीम केली. हॉलमध्ये उभी राहून, खड्या आवाजात. यांनी आपणहून टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून अगदी समोर बसले. सगळं भाषण होईपर्यंत माझ्या तोंडावरून नजर हलवली नाही. गाल बघत असणार! बघा म्हटलं. पैसे भरलेत त्याचे.

२१ नोव्हेंबर

तपासणीला एकटी गेले होते. अवनी म्हणाली, काका कानाचं ऑपरेशन करून घेतायत, तुम्हाला बोलले नाहीत? ऐकायचं मशीन बसत नाही, मोडलेल्या कानांत जागाच नाही म्हणे. दोन वर्षं काही नीट ऐकू येत नाही — समोर बसलं की ओठांवरून कळतं तेवढं कळतं. पहिल्या दिवशी यांना बोलणं कळलंच नव्हतं, तिनं पोटाला चिमटा घेऊन मान हलवलेली तेवढी दिसली. यांना वाटलं, मी उपाशी आहे.

तिला म्हणाले, "बाईचं भाषण ऐकायचंय. साऱ्या पोरी ऐकत्यात, मीच न्हाय."

मेळाव्याआधी मशीन बसेल याची ती खात्री देत नाही. प्रियदर्शनीला फोन केला — पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये एक खुर्ची ठेव. मी तिकडेच तोंड करून बोलणार आहे.