सातवा थांबा रद्द न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
शहरदर्शन आराखडा कक्ष,
सुलतानकोप्रू.

विषय : दि. ६ जून रोजी, म्हणजे अर्जदाराची मुलगी पर्यटकांना घेऊन गावात येणार त्या दिवशी, 'दोन दिवसांत सुलतानकोप्रू' या आराखड्यातील थांबा क्र. ७ (अर्जदाराचे राहते घर) चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) सदर थांबा रद्द केल्याचा आपला आदेश, दि. २० मे.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांत नेमकी उलट मागणी केली होती.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार रासिम उचार हा येथील शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेला असून पुलाच्या उतारावरील लाकडी घरात पत्नी मुकद्देर हिच्यासह राहतो. सदर घर हे प्रेक्षणीय स्थळ नाही. त्यात पाहण्यासारखे काही असते तर इतक्या वर्षांत अर्जदाराच्या नजरेस आले असते. ते आपल्या आराखड्यात कसे शिरले याची नोंद आपल्या दप्तरी आहे. परंतु ती चुकीची असल्याने खरा प्रकार येथे नमूद करणे भाग आहे.

२. दोन वर्षांपूर्वी आपल्या कक्षाचे सर्वेक्षक जेवदेत बे हे जुन्या घरांच्या खिडक्या मोजण्यासाठी आले होते. खिडक्या मोजून झाल्या, चहा झाला, दुसरा चहा झाला. निघताना पत्नीने दारात उभे राहून, जे या गावात प्रत्येक दारात प्रत्येकाला म्हटले जाते, तेच म्हटले : "पुन्हा या हं, कधीही या, आम्ही वाट बघतो." त्यावर पाहुण्याने "येऊ, येऊ" म्हणायचे असते आणि यायचे नसते. ही रीत आपणांस ठाऊक आहे. आपण स्वतः मागील ईदला अर्जदारास असेच म्हणाला होता आणि अर्जदार आला नव्हता.

३. तथापि तीन महिन्यांनी छापलेल्या पत्रकात पुढील मजकूर आढळला : "थांबा क्र. ७. रासिम गुरुजींचे घर. वेळ : ४५ मिनिटे. चहा मिळतो. या घरातील मंडळी आपली वाट बघत असतात." अर्जदाराने तत्काळ कार्यालयात येऊन जेवदेत बे यांना जाब विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, मी काय बाहेरचा आहे का? माझी आई तर विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा वाट बघतो म्हणते. पण नमुन्यात 'भेटीची वेळ' असा रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही. वहिनी म्हणाल्या कधीही, मी लिहिलं कधीही." अर्जदाराने विचारले की 'हे नुसते म्हणायचे असते' असा रकाना नाही का. ते म्हणाले, "तो टाकला तर अख्खं गाव त्यातच बसेल."

४. त्यानंतरच्या पावणेदोन वर्षांत अर्जदाराच्या घरात जे घडले ते मागील चार अर्जांत सविस्तर आले आहे. येथे फक्त उजळणी. बाहेरचे जोडे काढून पाहुण्यास घरातल्या सपाता देण्याची आपली पद्धत असून अर्जदाराकडे सपातांचे सहा जोड होते. आज बावीस आहेत, आणि अर्जदार स्वतः अनवाणी असतो. कोन्या शहरातून आलेल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी अर्जदाराचा चष्मा उचलून तो कोणत्या सुलतानाच्या काळातला असे विचारले. दुपारी कोचावर पडलेल्या अर्जदाराकडे बोट दाखवून एका बाईंनी, "बघा, किती छान जपलंय," असे उद्गार काढले. ते कोचाबद्दल होते असे पत्नीचे म्हणणे आहे. अर्जदारास शंका आहे.

५. सबब अर्जदाराने थांबा रद्द करावा असे चार अर्ज केले. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला उत्तर म्हणून पर्यटकांचे एक पथक आले. तिसऱ्या अर्जासोबत आपल्या पत्रकातील ऐतिहासिक चुकांची यादी जोडली होती. त्या एकेचाळीस होत्या आणि थांबा क्र. ७ समोरील "वाट बघत असतात" ही त्यांतील पहिली होती. चौथ्या अर्जात अर्जदाराची भाषा घसरली, त्याबद्दल तो दिलगीर आहे. अखेर दि. २० मे रोजी आपण "अर्जदाराची मागणी न्याय्य असल्याने" थांबा क्र. ७ हा १ जूनपासून रद्द करून त्याऐवजी तांबट बाजारातील भेटवस्तूंचे दुकान नेमले. आपल्या कार्यालयाने अर्जदाराचे म्हणणे मान्य करण्याची ही पहिलीच वेळ आहे आणि ती नेमकी याच वेळी यावी याचे अर्जदारास अतोनात दुःख आहे.

६. कारण असे की, अर्जदारास तुलाय नावाची एकुलती एक मुलगी आहे. ती इझमीर येथे एका प्रवासी कंपनीत वाटाड्या म्हणून काम करते. नऊ वर्षांपूर्वी ती आपले पहिलेच पथक घेऊन या गावी आली. पथकात बत्तीस बल्गेरियन दंतवैद्य होते. पुलावर उभी राहून तिने त्यांना सांगितले की हा पूल सुलतानाने पलीकडच्या काठावरील प्रेयसीला भेटण्यासाठी बांधला. अर्जदार तेव्हा योगायोगाने, म्हणजे तिचे ऐकण्यासाठीच, गर्दीच्या मागे उभा होता. त्याच्याने राहवले नाही. तो मोठ्याने म्हणाला, "पोरी, त्या साली सुलतान दोन वर्षांचा होता. त्याला प्रेयसी नव्हती, दात येत होते." हे दुभाष्याने भाषांतरित केले. बत्तीस दंतवैद्य हसले. त्यांतील एकाने अर्जदारास टाळी दिली.

७. तुलाय त्या दिवशी घरी आली ती फक्त पिशवी घेण्यासाठी. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला लेक नको होती, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी हवी होती." अर्जदाराने उत्तर दिले की पहिल्या बाकावरच्यांना सालं पाठ असतात. हे उत्तर मुद्देसूद होते. त्यानंतर ती नऊ वर्षे या घरात आलेली नाही. ती दर शुक्रवारी आईला फोन करते. पत्नीचे हात कामात असल्याने ती तो स्वयंपाकघरात स्पीकरवर, पण नळ सोडून घेते, जेणेकरून अर्जदाराला ऐकू जाऊ नये. अर्जदार त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी बिजागरीला तेल देत असतो. सदर बिजागरी आता अजिबात वाजत नाही.

८. मागील महिन्यातील एका शुक्रवारी त्याने ऐकले ते असे. तुलाय म्हणाली, "आई, सहा जूनला सुलतानकोप्रूचं पथक माझ्याकडे आलंय. सातव्या थांब्याला आपलं घर आहे म्हणे! आराखड्यात आहे म्हणून येईन, कामाचं काम. बाबांना सांगून ठेव, काही शंका असली तर शेवटी हात वर करायचा." पत्नी म्हणाली, "ये गं, वाट बघतो आम्ही." ती म्हणाली, "तू बघतेस. त्यांचं काय?" पत्नी म्हणाली, "सरकारी पत्रकात छापलंय की. दोघांच्या नावानं." पलीकडे बराच वेळ नुसता नळ ऐकू येत होता. नळ आपल्याच बाजूला होता हे अर्जदाराच्या नंतर लक्षात आले.

९. थांबा आराखड्यात आहे म्हणून ती येणार आहे. थांबा गेला की बस तांबट बाजाराला वळेल आणि ती पुलावरून आपल्या घराचे छप्पर बघून परत इझमीरला जाईल. इतकी साधी बाब आहे. आपण म्हणाल, मग स्वतः बोलावून घ्या. अर्जदाराने तोही मार्ग अवलंबून पाहिला. आपला आदेश हाती पडला त्याच दिवशी त्याने तिला फोन लावला. तिने उचलला, "हॅलो, बाबा?" म्हणाली. एकतीस वर्षे बोलण्यावर पोट भरलेल्या अर्जदारास 'ये' हा एवढासा शब्द उच्चारायचा होता. त्याऐवजी त्याने तिच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मोठ्या मशिदीचे साल चुकले असल्याचे तिला कळवले. ती म्हणाली, "सांगते ऑफिसात." आणि फोन ठेवला गेला. कोणी ठेवला याबाबत अर्जदाराची खात्री नाही. साल दुरुस्त झाले आहे.

१०. सबब पुढीलप्रमाणे विनंती आहे :

अ) रद्दीकरणाचा आदेश १ जूनऐवजी ७ जूनपासून अमलात आणावा. त्यासाठी अर्जदाराची मागणी अन्याय्य होती असे ठरवावे लागल्यास तसे खुशाल ठरवावे.

आ) सहा जूनपुरती वेळ ४५ मिनिटांवरून वाढवावी. पत्नी त्या दिवशी दह्यातली मांती करणार आहे. खिमा भरलेल्या नखाएवढ्या पुरचुंड्या, प्रत्येक हाताने मिटायची. ती तुलायला आवडते. मांती ४५ मिनिटांत होत नाही आणि झालीच तर खाऊन होत नाही. बाकी वीस पर्यटकांनाही वाढू. सपाता पुरेशा आहेत.

इ) घर ठेवणे शक्य नसल्यास अर्जदार तेवढा त्या दिवशी भेटवस्तूंच्या दुकानात हलवावा. तो तांब्याच्या घंगाळाशेजारी उभा राहील. पाटीवर 'स्थानिक रहिवासी' एवढेच लिहावे.

ई) तेही नियमात बसत नसेल तर त्याला पुलाच्या पलीकडच्या काठावर उभे राहण्याची परवानगी द्यावी. परवानगी लागत नाही हे त्यास ठाऊक आहे. तथापि लेखी असल्यास तिला तो मुद्दाम आला असे वाटणार नाही.

११. अर्जदार याद्वारे हमी देतो की दि. ६ जून रोजी तो कोणतीही दुरुस्ती करणार नाही. पूल कोणीही बांधलेला असू शकतो. दोन वर्षांचे सुलतानही प्रेमात पडू शकतात. आपल्या इतिहासात याहून लहान वयात याहून मोठे उद्योग झालेले आहेत. मुलीने पुलाला पाच कमानी सांगितल्या तरी अर्जदार सहावी मोजणार नाही. शंका असल्यास तो शेवटी हात वर करील, आणि तिने बघितले नाही तर खाली घेईल.

१२. तिसऱ्या अर्जासोबतच्या चुकांच्या यादीतील क्र. १ मागे घेण्यात येत आहे. ते विधान छपाईच्या वेळी चुकीचे होते की नव्हते हे आता सांगता येणार नाही, परंतु आजमितीस ते वस्तुस्थितीस धरून आहे. उरलेल्या चाळीस चुका कायम आहेत.

तरी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा. उत्तर पाठवण्याऐवजी बस पाठवली तरी चालेल.

आपला नम्र व सहा जूनपुरता मुकाट,
(सही)
रासिम उचार,
निवृत्त इतिहास शिक्षक
दि. २७ मे २०२४

सोबत :
१) यापूर्वीचे चार अर्ज, प्रत्येकावर "हे मी लिहिलेले नाही असे समजावे" असा शेरा मारून.
२) दुरुस्ती न करण्याचे हमीपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. (साक्षीदार सही करताना हसत होते, ते ग्राह्य धरू नये.)
३) दि. ६ जून रोजी घसा बसला असल्याचा डॉक्टरांचा दाखला, आगाऊ.

(अर्जाच्या मागील बाजूस, बॉलपेनने, वेगळ्या अक्षरात)

साहेब, मी मुकद्देर. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे लिहितेय. त्यांना यातलं काही कळवू नका.

थांबा रद्द झाल्याचं तुलायला तिच्या ऑफिसातून कळलं. काल फोन आला. शुक्रवार नव्हता, त्यामुळे हे बिजागरीपाशी नव्हते. म्हणाली, "बरंच झालं गं. वीस माणसांदेखत मला बाबांशी बोलता आलं नसतं. पथकाला दुकानात सोडते आणि मी एकटीच घरी येते. बाबांना आधी सांगू नकोस, नाहीतर टिपणं काढून बसतील."

तेव्हा तुमचा आदेश चांगला आहे. तो अजिबात बदलू नका. फक्त त्या दुकानदाराला सांगा, माणसांना पाऊण तासात सोडू नको, दोन तास तरी गुंतवून ठेव. पहिला तास हे दोघं पुलाच्या कमानींवरून भांडतील. मांती त्यानंतर वाढेन.