रूपाबाईच्या नावे अंतराळस्थानक

मी, श्रीमती सरला मार्तंड सवनेकर, वय अडुसष्ट, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त, राहणार जुन्या पोस्टामागची गल्ली, हिंगोली, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. उलट एकदोघांनी नको म्हणून पाहिले.

लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे हे वाक्य अशा कागदात सगळेच घालतात आणि कोणी ते वाचत नाही. माझ्या बाबतीत मात्र ते नीट वाचावे, कारण आमच्या घरात वाद त्याच वाक्यावर झाला. मी प्लास्टिकचे परदेशी ठोकळे एकमेकांत बसवून अंतराळयाने, चांद्रगाड्या आणि स्थानके तयार करते व ती जमवते. खोक्यावर 'वय ७ ते १२' असे छापलेले असते. पुढचे सगळे त्या छापण्यामुळे घडले.

सोबत नांदेडच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत खाली यायला लावले आणि शेवटी हे ठोकळे लावताना काय वाटते असे विचारले. मी म्हणाले, बोटांना काम लागते. त्यांनी लिहून दिले की मेंदू ठणठणीत आहे, गुडघे मात्र दाखवून घ्यावेत. गुडघ्यांवर मृत्युपत्र अवलंबून नसते, असे मला सांगण्यात आले आहे.

कलम पहिले. राहते घर चिरंजीव मुकुल आणि कन्या सौ. केतकी यांना निम्मे-निम्मे. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लकही तशीच. दोघांनी भांडू नये. भांडायचेच असेल तर मागच्या अंगणातल्या लिंबावरून भांडावे. ते झाड दोघांनाही आवडत नाही, म्हणजे भांडण लवकर संपेल. मागच्या खोलीत संतोष राठोड हा भाडेकरू बऱ्याच वर्षांपासून राहतो. तो स्वतः जाईपर्यंत त्याला काढू नये.

कलम दुसरे. स्टीलचे सर्व डबे केतकीला. त्यांत सध्या काय आहे ते सांगते, म्हणजे फराळाच्या आशेने कोणी उघडणार नाही. चकलीच्या डब्यात चाके, शंकरपाळ्यांच्या डब्यात राखाडी ठोकळे, अनारशांच्या डब्यात काचेसारखे पारदर्शक तुकडे.

केतकीला डबे यासाठी की या सगळ्याची सुरुवात तिच्यामुळे झाली. ती मस्कतला राहते. मी निवृत्त व्हायच्या आधी एकदा सुटीवर आली तेव्हा मुकुलच्या मुलीसाठी तिने चांद्रगाडीचे एक खोके आणले. सूनबाई म्हणाल्या, पोरगी तुकडे गिळेल. खोके माझ्याकडेच पडून राहिले. यांना जाऊन वर्ष झाले होते. आमचे हे देवळाची पूजा करीत, पंचांग सांगत, आणि घरात सारखे कोणी ना कोणी मुहूर्त विचारायला येई. ते सगळे एकदम थांबले. इकडे एक्स्चेंजमध्ये नवे यंत्र आले आणि आमचा जुना बोर्ड उतरवला. माझे उभे आयुष्य भोकात पिना खुपसण्यात गेले: परभणी लावा, वाशीम लावा, अर्जंट नागपूर लावा. पीन बसली की 'टक' असा आवाज येई आणि दोन माणसे बोलू लागत. मला तक्रारींच्या टेबलावर बसवले. तिथे 'टक' नव्हते, नुसती बोलणी खायची.

एका दुपारी मी ते खोके उघडले आणि पहिला ठोकळा दुसऱ्यावर दाबला. टक. संध्याकाळपर्यंत चांद्रगाडी उभी राहिली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. पुढे आमचाच जिल्हा झाला तोवर माझ्याकडे एक रॉकेट, दोन उपग्रह आणि एक यंत्रमानव होता. केतकी दर सुटीत एक खोके आणू लागली. मग पार्सलेही येऊ लागली. एकावर 'स्पेस स्टेशन' असे लिहिलेले होते, तर पोस्टमनने दारातूनच विचारले, "बाई, हे स्टेशन कुठं उतरवू?"

कलम तिसरे. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे आणि त्यांचे साज आमचे धाकटे दीर श्री. हरिहर आणि जाऊबाई यांना. पुढची आरास त्यांनी त्यांच्या मनाप्रमाणे करावी. माझ्या मनाप्रमाणे मी एकदाच केली होती.

त्या वर्षी लाडू-करंज्यांच्या मधोमध मी नवे अंतराळस्थानक मांडले. दिव्यांची माळ आतून फिरवली. भोवती शिरस्त्राण घातलेली पिवळ्या तोंडाची माणसे उभी केली. एरवी आमच्याकडे गल्लीतल्या बायका येत, त्या वर्षी रिसाला बाजारातूनही आल्या. एका म्हातारबाईने देवीला हळदकुंकू लावून झाल्यावर एका अंतराळवीरालाही लावले, कारण कोणाला वगळले असे व्हायला नको. जाऊबाईंना ते सगळे पाहून घेरी आल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी जेवणात सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी होती. भाऊजींनी घास घेतला, कडकन आवाज आला आणि त्यांनी तोंडातून दोन वस्तू काढून ताटाच्या कडेला ठेवल्या. एक त्यांचा बसवलेला दात. दुसरे एक छोटे पांढरे शिरस्त्राण. ते भाजीत कसे गेले हे मला खरेच माहीत नाही. भाऊजींनी पाणी पिऊन शांतपणे सांगितले की वहिनींचे डोके ठिकाणावर नाही. मला वाटले, दाताचा राग आहे, उतरेल. तो वर्षानुवर्षे उतरला नाही.

ज्या अंतराळवीराचे ते शिरस्त्राण होते तो मी वेगळा जपून ठेवला आहे. तो भाऊजींना द्यावा. बोडक्या डोक्याने तो बराच त्यांच्यासारखा दिसतो. हे मी रागाने लिहीत नाही. पुढे जे घडले त्याबद्दलही माझ्या बाजूने आता काही शिल्लक नाही.

कलम चौथे. अंतराळविषयक सर्व संग्रह, जोडलेला आणि सुटा, त्याच्या चित्रपुस्तिकांसह, श्रीमती रूपाबाई फुलसिंग राठोड, राहणार पुसेगावजवळचा तांडा, यांना पूर्ण मालकीने. कारण सांगते, म्हणजे कोर्टात कोणाला कारण शोधावे लागणार नाही.

रूपाबाई ही संतोषची आई. लेकाचा डबा घेऊन ती आठवड्याला यायची आणि परतीच्या गाडीपर्यंत माझ्या ओसरीवर बसायची. महालक्ष्म्यांच्या त्या आरासीच्या आधीची गोष्ट. मी एका यानाच्या पंखापाशी अडकले होते. तिने चित्रपुस्तिका उचलली, एकेक पान उलटून पाहिली आणि म्हणाली, "बाई, ह्याच्यात अक्षर न्हाई एक बी. मंग हे मला बी येते." खरेच त्या पुस्तिकांत शब्द नसतात, नुसती चित्रे. आम्ही दोघींनी मिळून तो पंख लावला. चुकीचाच लागला, मग दोघींनी मिळून काढला. तेव्हापासून दर आठवड्याला ती पदराआड चष्मा लावून माझ्यासमोर बसू लागली आणि पुष्कळदा तिची गाडी चुकू लागली.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी मुकुलला पुण्याहून बोलावून घेतले. दोघांनी मला समोर बसवले. भाऊजी म्हणाले, या वयात बाई रॉकेट करत बसते, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. घर विकावे, मुकुलच्या फ्लॅटमध्ये राहावे, आणि त्याआधी डॉक्टरला दाखवावे. मुकुल काही बोलला नाही. तो लहानपणापासून काळजी वाटली की गप्प बसतो. मी म्हणाले, दाखवू या डॉक्टरला.

मुकुल आणि मी नांदेडला गेलो त्या दिवशी घराची किल्ली भाऊजींकडे होती. वहिनी दवाखान्यातून परत येतील तेव्हा समोर ते काही दिसू नये, म्हणजे सवय सुटेल, असा त्यांचा विचार. सगळी याने, स्थानके, गाड्या मोडून, डब्यांतले सुटे तुकडेही ओतून त्यांनी ते सगळे युरियाच्या रिकाम्या पोत्यांत भरले आणि भंगारवाल्याला हाक मारली. मुकुलला हे माहीत होते. त्याने नको म्हटले नाही.

भंगारवाला पोती तोलत असतानाच रूपाबाई डबा घेऊन आली. पुढचे मला संतोषने सांगितले. तिने भाऊजींना विचारले, हे काहून नेऊन राहिले? भाऊजी म्हणाले, आमच्या घरातली अडगळ आहे, तुमचा काय संबंध. तेव्हा ती म्हणाली, "अडगळ असंल, पन माझी हाय. बाईनं मला देऊन टाकली. जाऊन विचारा त्यायला."

मी काही दिलेले नव्हते. ती खोटे बोलली. इतके ठामपणे बोलली की भाऊजींनी पोती सोडली.

ती पोती तिने एस.टी.त घातली. कंडक्टरने सामानाचे तिकीट मागितले आणि आत काय आहे म्हणून विचारले. ती म्हणाली, बाईचे आभाळ आहे. कंडक्टरने खत समजून तिकीट फाडले.

आम्ही नांदेडहून परतताना वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. मी डॉक्टरांचा दाखला मुकुलच्या हातात दिला. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला आणि चहा तसाच ठेवून मला सगळे सांगितले. मी रडले वगैरे नाही. मला इतकेच वाटले की आता संध्याकाळी हात कुठे ठेवायचे. घरी आलो तर मांडण्या पुसून लख्ख केलेल्या. संतोष दारातच उभा होता. त्याने पोती कुठे गेली ते सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुल मला गाडीतून तांड्यावर घेऊन गेला.

रूपाबाईच्या घरापुढे सतरंजी अंथरली होती. तिने आणि शेजारच्या चंदाबाईने रात्र जागून जवळजवळ सगळे जोडले होते. चित्रपुस्तिका माझ्या कपाटात होत्या, त्यामुळे मनानेच जोडले होते. सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागे एक याने चाललेली. चांद्रगाडीवर उपग्रह लादलेले, रॉकेटच्या पाठीवर ठोकळ्यांचे डबे, मध्ये यंत्रमानव, आणि सगळ्यांच्या पुढे माझे अंतराळस्थानक, चाकांवर.

माझा संग्रह सुखरूप पाहून मी पहिले वाक्य जे बोलले ते नोंदवून ठेवते, म्हणजे माझा स्वभाव वारसांना कळेल. मी म्हणाले, "पंख उलटे लागलेत."

रूपाबाई म्हणाली, "पंख न्हाईत ते. शिंगं हायेत. म्होरचा बैल हाय तो."

मग तिने सांगितले. तिच्या आज्याचे वडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे. शेकडो बैल एका ओळीत, आणि पुढच्याच्या शिंगांना आरसे, कवड्या, पितळेची टोपणे. तिने काही ते पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. अनारशांच्या डब्यातले पारदर्शक तुकडे तिने त्या शिंगांना लावले होते आणि ऊन पडले की ते चमकत होते.

मी दहा वर्षे खोक्यावरच्या चित्राबरहुकूम जोडत आले. एक तुकडा इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नसे. मी सतरंजीवर बसले ती उठलेच नाही. मुकुलही चपला काढून बसला आणि एका गाडीचे निसटलेले चाक बसवू लागला. परतताना तो एवढेच म्हणाला, "आई, पुण्याला तू सुटीपुरती येत जा."

म्हणून हे कलम. रूपाबाई त्या दिवशी जे बोलली ते या कागदाने खरे होते. अंतराळस्थानक तिच्या नावे होते, शिंगांसकट. पंख सुलटे करण्याचा अधिकार कोणत्याही वारसाला नाही.

कलम पाचवे. केतकीने गेल्या दिवाळीत आणलेले मोठे खोके अजून उघडलेले नाही. रूपाबाईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यासाठी थांबलो आहोत. माझ्या मृत्यूच्या वेळी ते बंदच आढळले तर मी अचानक गेले असे समजावे.

कलम सहावे. अंमलबजावणी केतकीने करावी. तेराव्याला गोड हवेच, पण भाजी एकच असावी.

आज सह्या करायला सगळे जमले तेव्हा रूपाबाईने साक्षीदार म्हणून अंगठा पुढे केला. मी सांगितले की ज्याला मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही. तिला ते पटले नाही. तिच्यापेक्षा जास्त कोणी पाहिले आहे, असे तिचे म्हणणे. मग मी तिला दुसरी कायद्याची गोष्ट सांगितली: घेणारा आधी मेला तर देणाऱ्याचे कलम वाया जाते. म्हणून तुम्हाला माझ्यामागे राहावे लागेल.

ती म्हणाली, "मी तुमच्याहून मोठी हाय, बाई."

मी म्हणाले, "तरीही."

तिने पुढे केलेला अंगठा मागे घेतला. मग म्हणाली, "लिवा. रूपा व्हय म्हनली."

सबब लिहिले: श्रीमती रूपाबाई फुलसिंग राठोड यांनी माझ्यानंतरच मरण्याचे साक्षीदारांसमक्ष तोंडी कबूल केले आहे.

सही: सरला मार्तंड सवनेकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, आणि सही करताना बाई हसत होत्या पण शुद्धीवर होत्या:

१) अमरसिंग हरिचंद जाधव, सेवानिवृत्त लाइनमन, हिंगोली
२) सौ. दिपा रणजीत पवार, शेजारीण, हिंगोली

ठिकाण: हिंगोली
दिनांक: १८ नोव्हेंबर २००८